फोटोतल्या गुरुजींना खाली उतरवूया!

*शाळेत ज्यांची प्रार्थना म्हटली, ज्यांच्या फोटोला हार घातला, त्या साने गुरुजींना आपण खरंच ओळखतो का? मुलांच्या पुस्तकांसाठी झटलेल्या या माणसाची ही गोष्ट. जरा वेगळ्या बाजूने.*

तुम्ही जालना, अंबड, भोकरदन किंवा मंठ्याच्या एखाद्या शाळेत शिकला असाल, तर डोळे मिटून परिपाठ आठवा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग ती प्रार्थना, जगावर प्रेम करायला सांगणारी. आपण ती शेकडो वेळा म्हटली असेल. ऊन लागतंय म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, पुढच्याच्या दप्तराचा बंद ओढत. ती प्रार्थना लिहिणारा माणूस ऑफिसातल्या भिंतीवर असायचा. पांढरी टोपी, थकलेले डोळे, फ्रेमवर वाळलेला हार. खाली नाव : साने गुरुजी.

आता खरं सांगा. त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहितीये? ‘श्यामची आई’. आणि ते फार रडायचे. बस्स. कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी जरा हळवा झाला, की त्याला लगेच श्याम म्हणून चिडवायचं. म्हणजे ज्याने मराठी मुलांना इतकं वाचायला दिलं, त्याच्या नावाचा आपण जोक करून टाकला.

म्हणून या वेळी ठरवलं, फोटो खाली उतरवायचा, काच पुसायची आणि जवळून बघायचं. जे दिसलं ते रडकं अजिबात नव्हतं. सहा वर्षांहून जास्त तुरुंग भोगलेला, मंदिराच्या दारासाठी जीव पणाला लावलेला, तमिळ नि बंगाली शिकलेला आणि एवढ्या सगळ्या धावपळीत मुलांसाठी लिहिणं न थांबवलेला माणूस दिसला.

पालगडचा पोरगा

पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड गावी. घराणं खोताचं, म्हणजे एकेकाळी बरं चाललेलं. पण पांडुरंगाला कळू लागलं तोवर घराची उतरती कळा सुरू झाली होती. कर्ज, कोर्टकचेऱ्या, अपमान. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घरात पैसा नाही, पण आईची शिस्त मात्र पक्की.

इथे एक गैरसमज काढून टाकूया. ‘श्यामची आई’मधली आई सारखी डोळे पुसत बसणारी नाही. मुलगा भित्रा निघेल म्हणून ती त्याला पोहायला जायला लावते. तो लपून बसला तर फटकेही देते. लाकडाची मोळी डोक्यावर घेता येत नसलेल्या एका म्हाताऱ्या महार बाईला हात लावायला लोक तयार नसतात, तेव्हा ती स्वतःच्या मुलाला पुढे पाठवते. शंभर वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या गावात हे करायला धीर लागायचा. आणि पुस्तक? श्यामला रामरक्षा पाठ करायचीय, पण घरात पोथी नाही. मग तो दुसऱ्याच्या पोथीवरून ती हाताने उतरवून काढतो. पुस्तक विकत घेता न येणारा हा मुलगा पुढे कुणासाठी लिहिणार होता, ते इथेच कळतं.

शिक्षणासाठी पांडुरंग दापोलीला गेला. पुढे खर्च झेपेना म्हणून औंधला, कारण तिथे गरीब मुलांची जेवणाची सोय होते असं कळलं होतं. प्रत्यक्षात तिथे हाल झाले. हाताने करून खायचं, तेही कधी अर्धपोटी. मग प्लेग आला आणि औंध सुटलं. पुढचा मुक्काम पुणे, नूतन मराठी विद्यालय.

आपल्याकडची कितीतरी मुलं हे वाचून दचकणार नाहीत. मंठा, परतूर, घनसावंगीकडून दर वर्षी घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. मुलं आजीजवळ राहतात, कुणी वसतिगृहात, कुणी नातेवाइकाकडे. सोय लागेल तिकडे जाऊन शिकायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

२ नोव्हेंबर १९१७ ला आई गेली. मुलगा तेव्हा पुण्यात होता. वय सतरा, अठरावं पूर्ण व्हायला दीड महिना बाकी. शेवटची भेट झालीच नाही. ही राहून गेलेली भेट त्यांनी आयुष्यभर मनात वागवली. सोळा वर्षांनी मराठीतलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेल्यांपैकी एक पुस्तक तिच्यातूनच आलं.

वॉर्डन नव्हे, मोठा भाऊ

१९१८ ला मॅट्रिक, १९२२ ला बी. ए. मग तत्त्वज्ञान शिकायला खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात. एम. ए. झाल्यावर १९२४ मध्ये तिथल्याच शाळेत, आजच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक. तत्त्वज्ञानात एम. ए. केलेला माणूस त्या काळी कॉलेजात प्राध्यापक होण्याची स्वप्नं बघायचा. हे रमले शाळेच्या पोरांत.

त्यांच्याकडे शाळेचं वसतिगृह, म्हणजे छात्रालय आलं. आपल्यापैकी जे होस्टेलवर राहिलेत त्यांना वॉर्डन म्हटलं की काय आठवतं ते मी लिहीत नाही. साने सर मात्र मुलं वर्गात गेली की त्यांच्या खोल्या झाडून ठेवायचे, विस्कटलेले कपडे घडी करायचे, आजारी पोराच्या उशाशी बसायचे. ओरडणं नाही, छडी नाही. मुलं परत आल्यावर स्वच्छ खोली बघून ओशाळायची आणि पुढच्या वेळी आपणच आवरायची.

याच छात्रालयात त्यांच्यातला मुलांचा लेखक घडला. त्यांनी मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक सुरू केलं. नाव ‘छात्रालय’. रोज हाताने लिहायचं आणि मुलांना वाचायला ठेवायचं. आम्हा मास कॉमच्या पोरांना आठवड्याला एक वॉलपेपर काढायचा म्हटलं तरी घाम फुटतो. हा माणूस वर्ग, छात्रालय, खोल्यांची झाडलोट हे सगळं सांभाळून रोजचं दैनिक काढत होता, तेही एकहाती. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक आलं.

मराठीत मुलांसाठीची मासिकं तोवर नव्हती असं नाही. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ १८८१ मध्येच सुरू झालं होतं. वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ चा. या मंडळींनी पाया घातला. साने गुरुजींचं वेगळेपण एवढंच की त्यांचा वाचक त्यांच्या समोर जेवायला बसलेला असायचा. कोण उपाशी आहे, कुणाच्या घरी भांडण आहे, कुणाला गणित जमत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्या लिखाणात मुलगा खराखुरा असतो, चुकणारा, खोटं बोलणारा आणि मग लाजणारा.

तुरुंगातल्या पाच दिवसांचं पुस्तक

१९३० ला गांधीजींचा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली. सहाच वर्षांची नोकरी. पण गुरुजी हे नाव कायमचं चिकटलं. त्यानंतर तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. धुळे, नाशिक आणि थेट दक्षिणेत त्रिचनापल्ली.

तुरुंगात माणूस काय करतो? गुरुजी शिकले. त्रिचनापल्लीला दक्षिणेतले कैदी भेटले, तर त्यांच्याकडून तमिळ शिकून घेतलं, बंगालीही शिकले. तिरुवल्लुवरांच्या ‘कुरल’ या तमिळ ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलायचे. ती प्रवचनं भराभर लिहून घेतली साने गुरुजींनी. आज आपण ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक बघतो, ते त्यांच्या हाताने टिपलेलं आहे. विनोबा बोलले, पण लिहून घेणारा नसता तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतीतच राहिले असते.

आणि मग नाशिकचा तुरुंग. ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी लिहायला घेतलं, १३ फेब्रुवारीला हातावेगळं केलं. पाच दिवस! वय तेहतीस. ‘श्यामची आई’ पूर्ण झालं. आश्रमात रोज रात्री श्याम आपल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची रचना. म्हणून त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत.

१९३५ मध्ये ते छापून आलं. तेव्हाचा जालना आठवून बघा. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. माध्यमिक शाळांत शिकवण्याची मुख्य भाषा उर्दू. घरी मराठी, वर्गात उर्दू. अशा काळात घरातल्यासारखी साधी मराठी बोलणारं पुस्तक म्हणजे काय असेल, याचा अंदाज आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला विचारूनच येईल. अजून कुणी हयात असेल तर जरूर विचारा.

व्हिक्टर ह्यूगो, मुलांच्या मराठीत

‘श्यामची आई’च्या सावलीत गुरुजींचं बाकीचं लेखन झाकलं गेलं. ‘धडपडणारी मुले’, ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’, ‘भारतीय संस्कृती’, ‘इस्लामी संस्कृती’ आणि कितीतरी. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात भारी काम म्हणजे ‘गोड गोष्टी’ ही मालिका.

नाव ऐकून वाटतं, चिऊ-काऊच्या गोष्टी असतील. तसं नाही. त्यातलं ‘मनूबाबा’ उघडा. एकटा, कंजूष, माणसांवरचा विश्वास उडालेला विणकर आणि त्याच्या दारात आलेलं एक अनाथ बाळ. ही जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेची ‘सायलस मार्नर’ कादंबरी. ‘दुःखी’ म्हणजे व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’. भाकरी चोरली म्हणून वर्षानुवर्षं तुरुंगात सडलेल्या माणसाची ती गोष्ट. ‘सोराब नि रुस्तुम’ इराणच्या ‘शाहनामा’तली, एकमेकांना न ओळखता लढणाऱ्या बाप-लेकाची.

विचार करा. खेड्यातला पाचवी-सातवीचा पोरगा, ज्याला इंग्रजी येत नाही, फ्रान्स कुठे आहे माहीत नाही. त्याच्या हातात गुरुजींनी ह्यूगो ठेवला. लहान मुलांना कळणार नाही, त्यांना काहीतरी सोप्पं द्या, असं त्यांनी मानलं नाही. गोष्ट मोठीच ठेवली, फक्त सांगण्याची भाषा मुलाच्या उंचीवर आणली. मुलांसाठी लिहिणं हे मोठ्यांच्या साहित्याच्या खालचं काम आहे, हा समज त्यांनी बोलून नाही, लिहून खोडला.

शेवटच्या काळात पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रंही अशीच. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती वाचायला मिळतात. त्यात झाडं आहेत, पाऊस आहे आणि देशात काय चाललंय तेही आहे. एका लहान मुलीशी ते सगळं बोलतात. ती लहान आहे म्हणून तिच्यापासून जग लपवत नाहीत.

गोष्टीतली मोळी, पंढरपूरचं दार

मघाची ती मोळीची गोष्ट लक्षात आहे ना? लिहिणाऱ्याने ती फक्त मुलांना सांगितली नाही, स्वतः पाळली. विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. आपल्याकडून आषाढीला दिंड्या जातात, त्याच पंढरपुरात. गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून, सभा घेऊन लोकांची मनं तयार केली. मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. प्राणांतिक म्हणजे दार उघडेपर्यंत किंवा प्राण जाईपर्यंत. दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुलं करण्याचं ठरलं आणि उपोषण सुटलं. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीन महिने बाकी होते.

पुढच्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला. गुरुजी आतून हादरले. त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. पण लेखणी खाली ठेवली नाही. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. ‘साधना’ आजही सुरू आहे. बालकुमारांसाठी त्यांचा वेगळा दिवाळी अंकही निघतो.

१९४९ च्या पुण्यातल्या साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांची पुस्तकं वाचावीत. तुरुंगात तमिळ शिकलेल्या माणसाला हे सुचणारच. त्यासाठी ते निधी गोळा करायला लागले.

जे सांगायला अवघड जातं

११ जून १९५० ला साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय पन्नास.

शाळेतल्या भाषणात हे वाक्य नसतं. निधन झालं, एवढंच म्हणून पुढे जातात. मला वाटतं, आपल्या वयाच्या वाचकांपासून ते लपवू नये. गुरुजींनी स्वतः मुलांपासून दुःख लपवलं नव्हतं. त्यांनी ते का केलं याची कारणं अनेकांनी शोधली. स्वातंत्र्यानंतर दिसलेला स्वार्थ, गांधीहत्या, मनात खोल मुरलेली उदासी. एका वाक्यात उत्तर देणं त्यांच्यावर अन्याय करणारं होईल. पण इतकं नक्की की शेकडो मुलांच्या उशाशी बसलेल्या या माणसाला स्वतःच्या मनाचा भार पेलवेना झाला. त्या काळी अशा त्रासाला आजार म्हणून ओळखायची पद्धत नव्हती, आणि मदत कुठे मागायची तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

आज तसं नाही. हे वाचताना तुमच्या किंवा तुमच्या मित्राच्या मनात असं काही चाललं असेल, तर एकटं राहू नका. घरच्यांशी, सरांशी, मॅडमशी बोला. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते. हळवं असणं हा दोष नाही. हळव्या माणसाला सोबत लागते, एवढंच.

मग सन्मान कसा करायचा?

गुरुजी गेल्यावर त्यांचं काम थांबलं नाही. प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि गावोगावी मुलांना गोष्टी सांगणारी माणसं उभी केली. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या सिनेमाला मिळालं. २०२३ मध्ये सुजय डहाकेंनी पुन्हा सिनेमा केला. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघरला त्यांचं राष्ट्रीय स्मारक आहे. २०२४ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन तर त्यांच्या अमळनेरातच झालं.

राज्य सरकार दर वर्षी उत्तम पुस्तकांना पुरस्कार देतं. त्यात बालवाङ्मयाचा वेगळा गट आहे. त्यातल्या एका पुरस्काराला साने गुरुजींचं नाव आहे. दुसऱ्या दोन पुरस्कारांना यदुनाथ थत्ते आणि राजा मंगळवेढेकर यांची नावं आहेत. हे दोघेही गुरुजींच्याच प्रभावातून घडलेले. थत्ते पुढे ‘साधना’चे संपादक झाले. मंगळवेढेकरांनी मुलांसाठी भरपूर लिहिलं आणि गुरुजींचं चरित्रही लिहिलं. म्हणजे एका शिक्षकाने फक्त पुस्तकं मागे ठेवली नाहीत, मुलांसाठी लिहिणारी माणसंही ठेवली.

हे सगळं चांगलंच आहे. पण पुरस्काराच्या बातम्या वाचताना एक प्रश्न सुटत नाही. पुरस्कार मिळालेलं पुस्तक वडीगोद्रीच्या किंवा टेंभुर्णीच्या पोराच्या हातात पोहोचतं का? कितीतरी शाळांत पुस्तकं असतात, पण कपाटात, आणि कपाटाला कुलूप. पोरं फाडतील, हरवतील ही भीती. न फाटलेलं, न हरवलेलं, कोरंकरकरीत पुस्तक म्हणजे कुणीच न वाचलेलं पुस्तक. जो माणूस पोरांसाठी रोज हाताने दैनिक लिहायचा, त्याच्या फोटोखाली कुलूपबंद कपाट असणं मला तरी बरं वाटत नाही.

म्हणून येत्या २४ डिसेंबरला हार घालाच. पण सोबत यातलं एखादं काम करून बघा :

• आपल्या जुन्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना विचारून तासभर कपाट उघडा आणि पुस्तकं वऱ्हांड्यात सतरंजीवर मांडा. मुलं आपोआप येतात.

• लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्या देशात पुस्तकावरचे हक्क संपतात. त्यामुळे २०११ पासून गुरुजींची पुस्तकं हक्कमुक्त आहेत आणि स्वस्तात मिळतात. वाढदिवसाच्या केकमधले शंभर-दीडशे रुपये वाचवून ‘मनूबाबा’ किंवा ‘श्यामची आई’ घ्या आणि गल्लीतल्या एखाद्या पोराला द्या.

• वाचन येत नसलेल्या लहानग्याला वाचून दाखवा. आज एक गोष्ट, उद्या एक. श्यामने तेच केलं होतं, रोज रात्री एक आठवण.

• आणि स्वतः एकदा परत वाचा. शाळेत धड्यापुरता वाचलेला श्याम आणि बावीस-तेविसाव्या वर्षी, घरापासून लांब खोली करून राहताना वाचलेला श्याम वेगळा वाटतो. हे मी अनुभवावरून सांगतेय. होस्टेलच्या खोलीत वाचलं आणि रात्री साडेअकराला आईला फोन लावला. ती घाबरलीच, एवढ्या उशिरा काय झालं म्हणून. काही झालं नव्हतं.